बिनवाटणीचं घर

जुलैची वीस तारीख उलटली आणि शारजातल्या अल धैदजवळच्या हम्माद अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, फार्मवर मेंढ्यांनी दूध चोरायला सुरुवात केली. पहाटे साडेचारला शेडमध्ये शिरावं तर हवा आधीच तापलेली, अंगाला चिकटणारी. मोठे पंखे घरघरत, वरून पाण्याचे बारीक फवारे उडत, तरी मेंढ्या तोंडं उघडी टाकून धापा टाकत उभ्या. एकशेऐंशी मेंढ्या, शाम देशाकडच्या, म्हणजे सीरियाकडच्या जातीच्या, शेपटीच्या जागी चरबीचा लोंबता गोळा. मशीनच्या नळ्या लावायच्या आधी प्रत्येकीची कास ओल्या फडक्यानं पुसावी लागे, आणि ते काम मुनीर सोलकर स्वतः करी. चौपन्नाव्या वर्षी उकिडवं बसून गुडघे कुरकुरायला लागले होते, पण दुसऱ्याच्या हाती कास द्यायला त्याचं मन होत नसे. मागच्या महिन्यात चार कॅन भरत होते. आता अडीच भरले तरी नशीब म्हणायचं.

कॅन ढकलगाडीवरून चीजच्या खोलीत जात. तिथं मुनीरची धाकटी बहीण खैरुन्निसा आणि जोसेबा असत. जोसेबा म्हणजे साठीतला, लाल मानेचा, जाड बोटांचा गोरा माणूस. अरबाब कधीतरी युरोप फिरायला गेला असताना ह्याच्या हातचं मेंढीच्या दुधाचं चीज खाऊन खुळावला आणि त्याला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. त्याला झाली सहा वर्षं. खैरुन्निसाला दोन. नवरा गेल्यावर ती गावी माहेरी आली, अब्बांचं दुखणं-खुपणं सात वर्षं काढलं. अब्बा गेले तेव्हा मुनीरनं तिला फार्मवर मजुरांच्या स्वयंपाकाला म्हणून आणलं आणि जोसेबानं तिचे हात बघून तिला आपल्या खोलीत घेतलं. दूध थिजलं की तारांच्या चौकटीनं ते मक्याच्या दाण्याएवढं बारीक कापायचं, मग कोपरापर्यंत हात घालून तळाशी गोळा करायचं. घाई केली की बिघडलं. खैरून ते इतक्या सावकाश करी की जोसेबा आपलं काम सोडून बघत राही.

ह्या जोसेबाला स्पॅनिश म्हटलेलं खपत नसे. सगळं फार्म त्याला तसंच म्हणायचं आणि तो प्रत्येक वेळी हातातलं टाकून समजावत बसायचा, आपण बास्क आहोत म्हणून. मेंढ्यांमागं फिरणारा उझैर बलुच होता, त्याला एका वाक्यात कळलं. मुनीरला वेळ लागला. मग एकदा जोसेबानं स्टीलच्या टेबलावर दुधाच्या पाण्यात बोट बुडवून नकाशाच काढला. वर समुद्र, खाली डोंगर, मध्ये तीन परगणे. देश म्हणाल तर स्पेनच, पण आत सगळा कारभार ह्यांचा. गास्तेइस गावात ह्यांची स्वतःची पार्लमेंट, लाल टोप्यांचे स्वतःचे पोलीस, कर गोळा करणारे हे आणि माद्रिदला ठरलेला हिस्सा धाडणारेही हेच. भाषा अशी की आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. ती बोलली म्हणून जोसेबाच्या आजीनं शाळेत पट्टीचा मार खाल्ला होता. आता त्याच भाषेत पोरं गणित शिकतात. गेर्निका नावाच्या गावात एक ओकचं झाड आहे, त्याच्याखाली उभं राहून राजे शपथ घ्यायचे की तुमचे कायदे आम्ही मोडणार नाही. त्याच गावावर बाजाराच्या दिवशी बाँब पडले. पुढं काही पोरांनी बंदुका उचलल्या, मारलं आणि मेले. ते सांगताना जोसेबा टेबल पुसायला लागायचा. आता शांत आहे, म्हणायचा. बिल्बाओच्या लोखंडाच्या भट्ट्या विझल्या, तिथं आता लोक फोटो काढायला येतात. आणि पाऊस, दिसत नाही पण अंगरखा भिजवतो असा बारीक पाऊस, वर्षभर.

पावसाचं निघालं की मुनीर आणि खैरून दोघंही नुसती मान हलवत. जयगडच्या खाडीकाठची माणसं ती, पाऊस म्हटल्यावर त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

खैरूननं फक्त घराबद्दल विचारलं. जोसेबा म्हणाला, आमच्याकडं घराला नाव असतं आणि माणसं ते नाव लावतात. दगडी घर, खाली मेंढ्या, वर माणसं. चारशे वर्षं तेच घर, तेवढीच जमीन, एक वीतही इकडं-तिकडं झालेली नाही. खैरून हसून म्हणाली की आमच्याकडं चाळीस वर्षंही टिकत नाही.

आता हे नुसतं गप्पांपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात गावाहून राहिलचा, मुनीरच्या मुलाचा फोन आला. राहिल हुशार पोरगा, बोलणं गोड. त्याला घरात पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. परवाना मिळेल, पण वकील म्हणतो सातबाऱ्यावर फुफीचं, म्हणजे आत्याचं नाव आहे, तिनं हक्क सोडल्याचा कागद हवा. शरीयतप्रमाणं भावाचे दोन वाटे तर बहिणीचा एक. म्हणजे घर आणि मागची आंब्याची वाडी, दोन्हींत तिसरा हिस्सा खैरुन्निसाचा.

खैरूननं तिसरा हिस्सा कधी मागितलाच नव्हता. तिचं मागणं साधं होतं, आणि ते ती दोन वर्षं सांगत होती. विहिरीकडची दोन गुंठे जागा द्या, तिथं मी एक खोली बांधेन, मोरी आणि पुढं पडवी. मुनीरच्या बायकोचं आणि तिचं एका चुलीवर कधी जमलं नाही, तेव्हा चूल वेगळी बरी. दार खाडीकडं. शारजाच्या बाजारातून तिनं त्या दारासाठी पितळेच्या कड्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या, खाटेखाली, फडक्यात गुंडाळून. मुनीर त्यावरून तिला चिडवायचा की भिंत नाही आणि कड्या आधी.

मुनीर वाईट माणूस नव्हता. बहिणीवर जीव होता त्याचा. पण वाटणीचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. शेजारच्या मुकादमांच्या वाडीचे त्यानं सात तुकडे झालेले पाहिले होते, शेवटी आंब्याच्या फांद्या कुणाच्या हद्दीत येतात ह्यावरून चुलतभाऊ पोलिसात गेले. सव्वीस वर्षं, आधी जबल अलीच्या गोदामात आणि मग इथं, तो एकाच गोष्टीवर तगून होता, की घर आख्खं आहे. आज दोन गुंठे दिले, उद्या खैरूननंतर तिच्या सासरचे येऊन उभे राहिले तर? हा प्रश्न त्यानं तिला कधी विचारला नाही. स्वतःलाच विचारत राहिला.

साडेबारा ते तीन उन्हात कामाला बंदी. त्या वेळात सगळे कूलरच्या खोलीत आडवे होत. एका दुपारी मुनीरनं जोसेबाला विचारलं की चारशे वर्षं घर एकत्र राहिलं कसं, भावंडं नव्हती का?

जोसेबानं खुशीत येऊन सांगितलं. घर एकालाच. मुलगा असो, मुलगी असो, आई-बाप ज्याला निवडतील त्याला. त्याचं लग्न झालं की बाप जिवंतपणीच नावावर करून देतो. बाकीच्यांना बाजूला करायचं, पण रिकाम्या हाती नाही. आमच्या परगण्याच्या कायद्यात तसे शब्दच आहेत. छपराचं एक कौल, एक वीत माती, आणि सगळ्यात लांबचं, सगळ्यात कमी फळ देणारं झाड.

"मला मिळालं ते," जोसेबा म्हणाला. "वकिलाच्या ऑफिसात बापानं वाचून दाखवलं. मी दुसरा मुलगा."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? सही केली आणि निघालो."

तो हसला. मुनीरही हसला. पण त्याला जे हवं होतं तेवढंच त्यानं उचललं होतं. पार्लमेंट असलेली, शिकलीसवरलेली, आपल्यासारखीच पावसाची माणसं, आणि त्यांचा कायदाच सांगतो की घर एकाला. तेव्हा ह्यात पाप काही नाही. हे त्याला कुणीतरी सांगायला हवंच होतं, आणि ते परक्या माणसाकडून आलं म्हणून जास्तच पटलं. दुपारभर तो छताकडं बघत पडला आणि तीन वाजता उठला तो ठरवूनच.

संध्याकाळी खैरून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मुनीर दाराशी स्टूल घेऊन बसला. त्यानं जोसेबाचं सगळं तिला सांगितलं, कौल आणि माती गाळून. झाडाचं मात्र सांगितलं. म्हणाला, तुला मी एक झाड देतो, तुझं म्हणून, त्याला कुणी हात लावणार नाही. आणि तू काय परकी आहेस, घर तुझंच आहे.

खैरूनचा हात परातीतच थांबला.

"कोणतं झाड, भाई?"

"खाडीकडचं. टोकाचं."

"त्याला मोहर येत नाही."

"सावली आहे," मुनीर म्हणाला.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली, मग दुसरी टाकली. भांडली असती तर मुनीरला सोपं गेलं असतं. त्यानं चार गोष्टी तयार ठेवल्या होत्या, इथं तिला कामाला कुणी आणलं, व्हिसासाठी अरबाबच्या मागं कोण लागलं. त्यातली एकही काढायची वेळ तिनं येऊ दिली नाही.

"अब्बांनी सांगितलं असतं तर केलीच असती सही," ती शेवटी म्हणाली. "तू सांगतोस तरी करते."

पुढच्या सोमवारी दोघं पिकअप घेऊन दुबईला गेले. कागद साक्षांकित करायचं सेंटर ऊद मेथाला, इंडियन शाळांच्या जवळ. शाळांना सुट्ट्या होत्या, रस्ते मोकळे. आत एसी असा की खैरून ओढणी दोन्ही खांद्यांवर घेऊन बसली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, वाचता येतं का, की अंगठा? खैरूनला ते लागलं. सातवी पास झालेली ती, आपलं नाव मोठ्या झोकात लिहायची. त्या दिवशी मात्र प्रत्येक पानावर अक्षर बारीक बारीक होत गेलं. त्याच बैठकीत मुनीरनंही आपला कागद केला. एकाच्या नावावर करायचं तर पुढं राहिलच्याच नावावर जाणार ना, मग जिवंतपणीच करून टाकू, जोसेबाच्या बापासारखं. कुलमुखत्यारपत्रं दोन, दोन्ही राहिलच्या नावे, गावी नोंदणी त्यानंच करायची; पाकीट एक. परतताना त्यानं वाटेत गाडी थांबवून तिच्यासाठी कडक चहा आणला. तिनं तो घेतला, संपवला, आणि कप पायाशी ठेवून बाहेर बघत बसली. मुनीरला वाटलं, झालं, निभावलं.

ऑगस्ट उजाडला तो घाम पुसायला फडकं पुरू नये असा. दमट हवेत फवारे सुरू ठेवावेत तर मेंढ्यांची लोकर सुकेना, बंद करावेत तर त्या माना टाकायला लागल्या. मुनीर आणि उझैर बादलीनं पाणी आणून त्यांच्या मानेवर ओतत. एका आठवड्यात चौदा मेंढ्या गेल्या, तीन गाभण होत्या. मुनीरनं त्यांचे पाय धरून ओढत पिकअपमध्ये चढवल्या आणि त्याच्या कमरेत उसण भरली. दूध एका कॅनवर आलं. त्या तेवढ्या दुधात खैरून हात घाली तेव्हा गोळा करायला तळाशी मूठभरच लागे. जोसेबा साचे धुऊन पालथे घालून ठेवी.

महिनाअखेरीला अरबाब आला, बूट न काढता चीजच्या खोलीत शिरला, फळीवरचं एक चीज हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवलं. मॅनेजरनं नंतर सगळ्यांना सांगितलं. खलास. मेंढ्या विकायच्या, पुढं उंटांचं दूध. मुनीरला खजुराच्या गोदामात घेतील. उझैर उंटांकडं. जोसेबा आणि खैरुन्निसा ह्यांचं काम संपलं, व्हिसा कॅन्सल होईल, महिन्याभरात निघायचं. खैरून तिथंच उभी होती. तिनं मान हलवली आणि ओट्यावरचं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

त्या क्षणी मुनीरच्या डोक्यात लख्ख झालं की हिला जायला जागा नाही. इतका वेळ ती कधीतरी जाईल, पाच-सात वर्षांनी, म्हातारपणी, असं तो धरून चालला होता. कधीतरी म्हणजे पुढचा महिना निघाला.

दुसऱ्या दिवशी जोसेबाबरोबर साचे खोक्यात भरताना त्यानं विचारलं, तू आता घरी जाणार ना? जोसेबा म्हणाला, घर कुठलं? मी निघालेला माणूस. बिल्बाओत मुलीकडं राहीन. मग तो आपल्या आत्याबद्दल सांगायला लागला. ती लग्न न करता घरातच राहिली. तिला स्वयंपाकघरावरची खोली होती, खिडकीतून डोंगर दिसायचा, पहिलं वाढप तिच्या ताटात. मरेपर्यंत.

मुनीरनं हातातला साचा खाली ठेवला. "पण घर तर एकालाच म्हणालास."

"मालकी एकाला. जो बाहेर गेला त्याला कौल. जो राहिला, किंवा परत आला, त्याला खोली आणि जेवण. देतानाच कागदात घालतात, आई-बापांची खोलीसुद्धा. नाही तर वारस उद्या सगळ्यांना हाकलेल की," जोसेबा म्हणाला. "हे मी सांगितलं नव्हतं?"

"मी विचारलं नव्हतं."

मुनीर तसाच बाहेर आला आणि शेडच्या मागं उभं राहून त्यानं राहिलला फोन लावला. कागद होऊन महिना उलटला होता. तो म्हणाला, मधली खोली फुफीला ठेव. राहिल आदबीनंच बोलला. म्हणाला, अब्बा, मधली खोली तोडली, तिथं दोन बाथरूम काढलेत. पडवीत रिसेप्शन. विहिरीकडं गाड्या लागतील. फुफीला आपण मुंब्र्याला भाड्यानं बघू ना, दवाखाना जवळ, शेजारी आपलीच माणसं. मुनीर म्हणाला, ते घर अब्बांचं आहे, आणि हे मी सांगतोय.

"अब्बा, तुम्ही पण सुट्टीवर याल तेव्हा आधी कळवा," राहिल म्हणाला. "सीझनला खोल्या बुक असतात."

मुनीर फोन खिशात घालून उभाच राहिला. लाज वाटली त्याला, सरळ लाज, कान तापवणारी. मुलाचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मुलानं जे केलं ते मुनीरनंच सही करून दिलं होतं.

त्यानं खैरूनला सगळं सांगितलं, न गाळता. सांगताना एकदा तिचे पाय धरायला वाकला तर कमरेतली उसण उठली आणि तो अर्ध्यातच अडकला. तिनंच दंडाला धरून सरळ केलं, कमरेला तेल चोळून दिलं. रागावली नाही. म्हणाली, महाडला नणंद आहे, महिनाभर राहीन तिच्याकडं, पुढचं पुढं इन्शाल्ला. पितळेच्या कड्या तिनं उझैरला देऊन टाकल्या, त्याच्या क्वेट्ट्याच्या घराला होतील म्हणून. मुनीर म्हणाला, मी राहिलशी पुन्हा बोलतो, कोर्टात जातो, काय वाट्टेल ते करतो. ती म्हणाली, घर एकत्र ठेवायचं होतं ना तुला, राहिलं की.

व्हिसा कॅन्सलचा अर्ज भरायला दोघं धैदच्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. टाइप करणारा केरळचा चष्मेवाला माणूस, हिंदीत विचारी आणि न बघता बोटं चालवी. नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, मयत. मुनीर शेजारच्या खुर्चीवर, नेहमीप्रमाणं तिच्या वतीनं उत्तरं देत होता.

"इंडिया का परमनंट ॲड्रेस?"

मुनीर सवयीनं सांगायला लागला, सोलकर मंझिल, खाडीवाडी. खैरूननं त्याच्या हातावर हात ठेवला.

"ते तुझंही नाही, भाई," ती मराठीत हळू म्हणाली. "तो माझं विचारतोय."

मुनीरनं हात मागं घेतला. टायपिंगवाला थांबला, दोघांकडं बघितलं. म्हणाला, अम्मा, खाली नहीं छोड सकते, सिस्टम आगे नहीं जाता. मग त्यानंच तिचा पासपोर्ट उचलला, शेवटच्या पानावरून जुना पत्ता वाचून टाइप केला आणि प्रिंट काढली. खैरूननं कागद हातात घेतला. सोलकर मंझिल, खाडीवाडी, तालुका, जिल्हा, पिनकोड, सगळं बरोबर आलं होतं. तिनं ते ओठ हलवत दोनदा वाचलं.

"ह्यांच्या कागदात अजून मी तिथंच राहते," ती म्हणाली.

मग तिनं काउंटरवरचं पेन मागून घेतलं आणि खाली सही केली, ह्या वेळी पूर्वीसारखी मोठ्या अक्षरात. मुनीर तिची पिशवी धरून उभा होता. मागं रांगेत चार माणसं होती, त्यातला एक यल्ला, चला, म्हणाला, तेव्हा तो बाजूला सरला.